मागच्या दाराने आत

शांघायच्या जुन्या गल्लीचा फोटो बहुतेक वेळा एकाच जागेवरून काढलेला असतो. दगडी चौकट, तिच्यावर कोरीव कमान, काळ्या रंगाची दोन जड लाकडी कवाडं आणि त्यांना धातूच्या कड्या. या दारावरूनच अशा घरांना 'शिकुमेन' म्हणतात. मात्र तिथे खोली भाड्याने घेणारा माणूस सहसा या दाराने आत जात नाही. दारामागचं इवलंसं अंगण कधीच तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला गेलेलं असतं. त्यावर पत्रा टाकून तिथे कुणाची तरी खाट मांडलेली असते. बाकीच्यांची वाट मागच्या बोळातून. मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं, आणि त्या घराची खरी ओळख तिथेच होते.

घरात चार बिऱ्हाडं असतील तर स्वयंपाकघरात चार ओटे, चार शेगड्या, चार नळ. नळांवर पत्र्याच्या छोट्या पेट्या, पेट्यांना कुलपं. छताला चार दिवे टांगलेले, प्रत्येकाची तार भिंतीवरून चढत आपापल्या खोलीत आणि आपापल्या मीटरला गेलेली. भाजी परतायला उतरताना आपला दिवा लावायचा, वर जाताना आठवणीने बंद करायचा. जिन्यातही तेच. आजही ज्या गल्ल्यांमध्ये माणसं राहतात, तिथे ही दिव्यांची रांग पाहायला मिळते. हा कंजूसपणा आहे असं कुणाला वाटेल. मला मात्र ती फार शहाणी व्यवस्था वाटते. ज्यांना एकमेकांपासून दूर जायला जागाच नव्हती, त्यांनी भांडणाची कारणं आधीच तारेने वेगळी करून ठेवली.

अशा घरातली खोली शोधताना जाहिरातीत जे शब्द दिसतात, त्यांत घराचा सगळा इतिहास असतो. 'पुढचा मजला' म्हणजे वरची दक्षिणेकडची खोली, पूर्वी मालक-मालकिणीची. तिला ऊन मिळतं, म्हणून भाडं सगळ्यात जास्त. 'मागचा मजला' म्हणजे त्याच खोलीला मध्ये फळ्या ठोकून काढलेला अंधारा भाग. 'तिसऱ्या मजल्याचा माळा' म्हणजे उतरत्या कौलांखालची जागा, जिच्या मधोमधच ताठ उभं राहता येतं. आणि 'थिंगझिज्येन'. ही खोली जिन्याच्या वळणावर असते, दोन मजल्यांच्या मध्ये. खाली स्वयंपाकघर, वर कपडे वाळवायची गच्ची, खिडकी उत्तरेला. क्षेत्रफळ सहा ते दहा चौरस मीटर, छत हाताला लागेल इतकं खाली. उन्हाळ्यात खालून शेगडीची धग आणि वरून तापलेली गच्ची. हिवाळ्यात ऊन कधी आत येत नाही. मूळ आराखड्यात ती नोकराची किंवा अडगळीची खोली होती. सगळ्यात स्वस्त असल्यामुळे 1920 आणि 30 च्या दशकांत खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी, शिक्षक, कारकून आणि नवखे लेखक तिथे राहिले. इतके, की 'थिंगझिज्येनमधले लेखक' असा एक वर्गच चिनी साहित्याच्या इतिहासात नोंदला गेला.

मोठे लेखकही भाड्यानेच राहत. लू शुन 1927 मध्ये शांघायला आले ते गल्लीतल्या घरात, आणि 1933 पासून 1936 मध्ये मृत्यू होईपर्यंत शानयिन रस्त्यावरच्या एका तीन मजली गल्लीघरात राहिले. ते घर आता स्मारक आहे. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन जुलै 1921 मध्ये भरलं, तेही एका नव्या बांधलेल्या शिकुमेनमध्ये, एका प्रतिनिधीच्या भावाने भाड्याने घेतलेल्या घरात. यात योगायोग काही नाही. या गल्ल्या मुळात भाड्यासाठीच बांधल्या गेल्या होत्या. पुण्यातला वाडा कुणाच्या तरी घराण्याचा असे, आणि भाडेकरू त्यात मागाहून आले. शांघायच्या गल्लीत घराणं आधी नव्हतंच. पहिल्या दिवसापासून तिथे भाडेकरू होता. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली नाही, तर या गल्ल्यांचं आज जे चाललं आहे ते कळणार नाही.

1842 च्या नानजिंग तहानंतर शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. परकीयांना राहायला वेगळी हद्द मिळाली आणि 1845 च्या जमीन नियमांनी त्या हद्दीत चिनी लोकांना घरं भाड्याने द्यायला बंदी घातली. नियम दहा वर्षंही टिकला नाही. 1853 मध्ये 'छोटी तलवार' नावाच्या गुप्त संघटनेने जुनं तटबंदीचं शहर ताब्यात घेतलं आणि तिथली माणसं जीव वाचवायला परकीय हद्दीत धावली. मागोमाग ताइपिंग बंडाने आसपासच्या प्रांतांतून धनिक कुटुंबं लोटली. निर्वासितांजवळ पैसा होता, घर नव्हतं. परदेशी व्यापाऱ्यांनी चहा-रेशमाचा हिशोब बाजूला ठेवून लाकडी खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. लाकूड पेटायला वेळ लागत नाही, म्हणून 1870 च्या दशकापासून विटा आणि लाकूड मिळून पक्की घरं बांधली जाऊ लागली. रांगा इंग्लंडातल्या कामगारवस्तीसारख्या, आतली मांडणी च्यांगनान प्रदेशातल्या चौकाच्या घरासारखी. मध्ये अंगण, समोर बैठक, दोन्ही अंगांना पाखं. एका तुकड्यावर शंभर घरं, एका कुंपणात, एका फाटकाआड. फाटक बंद केलं की वसुली सोपी.

या वसुलीच्या गोष्टीत मुंबई आहे. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, तिथे अफू आणि कापसाच्या व्यापारात बसले, आणि 1844 मध्ये त्यांनी आपला मुलगा एलियस याला चीनला पाठवलं. कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय ज्या घराण्याचं, त्याच घराण्याच्या पेढ्यांनी शांघायमध्ये जमिनी घेतल्या आणि गल्ल्या भाड्याने लावल्या. त्यांच्याच पेढीवर सायलस हार्डून नावाचा तरुण लागला. जन्म बगदादचा, बालपण मुंबईत गरिबीत गेलेलं, शिक्षण ससूनांच्या धर्मादाय शाळेत. शांघायमध्ये त्याने पहाऱ्यापासून आणि भाडेवसुलीपासून सुरुवात केली आणि 1931 मध्ये मेला तेव्हा तो शहरातल्या सगळ्यात मोठ्या जमीनमालकांपैकी एक होता. नानजिंग रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा मोठा हिस्सा त्याचा. त्याच्याच एका गल्लीत 1920 च्या उन्हाळ्यात हुनान प्रांतातला माओ त्सेतुंग नावाचा तरुण काही सोबत्यांबरोबर भाड्याने राहत होता. ते दुमजली घर अनयी रस्त्यावर आजही जपलेलं आहे. भोवताली काचेच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत, गल्ली मात्र उरलेली नाही. गिरण्यांच्या मुंबईत चाळी उठत होत्या त्याच दशकांत, काही अंशी त्याच तिजोऱ्यांतून, शांघायमध्ये गल्ल्या उठत होत्या.

चाळ आणि शिकुमेन यांत एक मूलभूत फरक आहे. चाळ बांधतानाच एक खोली, एक बिऱ्हाड असा हिशोब होता. समोरची गॅलरी सगळ्यांची. शिकुमेनचं घर एका कुटुंबासाठी आखलेलं होतं आणि मग ते आतून कापत नेलं. 1932 आणि 1937 मधल्या जपानी हल्ल्यांनी पुन्हा निर्वासितांचे लोंढे आले. परकीय हद्दीतली खोली म्हणजे जीव वाचण्याची हमी झाली. त्या काळात जो माणूस गल्लीचा खरा राजा झाला, तो 'दुसरा घरमालक'. त्याच्या नावावर वीटही नसे. तो मूळ मालकाकडून अख्खं घर भाड्याने घ्यायचा, फळ्या ठोकून खोल्या पाडायचा, पोटभाडेकरू भरायचा आणि स्वतः एका खोलीत जवळपास फुकट राहायचा. अंगण एकाला, बैठक दुसऱ्याला, जिन्याखालची जागा तिसऱ्याला. 'बहात्तर भाडेकरूंचं घर' हे शांघायच्या विनोदी रंगभूमीवरचं गाजलेलं नाटक अशाच एका घरावर बेतलेलं. 1963 मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्याआधी चंग ज्युनली या दिग्दर्शकाने 'कावळे आणि चिमण्या' काढला होता. एक सरकारी अधिकारी मूळ मालकाकडून बळकावलेलं घर विकून तैवानला पळायच्या बेतात आहे आणि खोल्याखोल्यांतले भाडेकरू हुसकावले जाणार आहेत, अशी त्याची गोष्ट. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा शहरात राष्ट्रवादी सरकार होतं. चित्रपट पूर्ण झाला तेव्हा 1949 च्या मे महिन्यात ते सरकार गेलेलं होतं.

त्या वर्षी शांघायमध्ये माणशी राहायची जागा चार चौरस मीटरहून कमी होती. शहरातली बहुसंख्य वस्ती अशाच गल्ल्यांमध्ये दाटलेली. खोली हातची जाऊ नये म्हणून नवा भाडेकरू जुन्याला जी रक्कम मोजायचा, ती महागाईच्या त्या वर्षांत नोटांत घ्यायला कुणी तयार नसे. सोन्याच्या लगडी मोजाव्या लागत. गिरगाव-परळच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पागडीच ती.

समाजवादी राजवटीने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात भाड्याची खासगी घरं सरकारी देखरेखीखाली घेतली. दुसरा घरमालक गेला, त्याच्या जागी गृहव्यवस्थापन कचेरी आली. भाडं नाममात्र झालं आणि खोली वंशपरंपरेने चालू लागली. पुढची चाळीस वर्षं गल्लीत फारसं बांधलं गेलं नाही, दुरुस्तीही जेमतेम झाली, कारण नाममात्र भाड्यातून छपराची कौलंही बदलता येत नाहीत. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जे केलं, तेच इथे वेगळ्या झेंड्याखाली झालं. भाडेकरू वाचला आणि भिंत खचली.

मग सरकारी घरं राहणाऱ्यांना विकायचं धोरण आलं, आणि 1998 मध्ये नोकरीबरोबर घर देण्याची पद्धत देशभर थांबली. फ्लॅटमध्ये राहणारे थोड्या पैशांत मालक झाले. गल्लीतले लोक झाले नाहीत. कारण साधं होतं. ज्या घराला स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास नाही, ते 'पूर्ण घर' नव्हे, आणि अपुरं घर सर्वसाधारणपणे विकता येत नव्हतं. सामाईक नळाने आणि सामाईक ओट्याने या माणसांना कायमचं भाडेकरू ठेवलं. त्यांच्याकडे मालकीपत्र नाही, एक भाडेपुस्तिका आहे. या हक्काला 'वापरहक्क' म्हणतात. तो रीतसर दुसऱ्याला देता येतो, त्याला बाजारात किंमत येते, त्यावर कचेरीचा शिक्का लागतो. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली. तो कायदा माहीत असलेल्या वाचकाला ही पुस्तिका ओळखीची वाटेल.

म्हणून आज शांघायच्या गल्लीत खोली घ्यायला गेलं, की समोर बसलेला 'घरमालक' पुष्कळदा स्वतःच सरकारचा भाडेकरू असतो. मुलं उपनगरातल्या बहुमजली इमारतीत गेलेली, आईवडील त्यांच्याबरोबर गेलेले किंवा वारलेले, आणि पुस्तिकेवरची खोली पोटभाड्याने लावलेली. नाममात्र भाडं कचेरीत भरायचं आणि बाजारभावाने घ्यायचं. यात वाईट काही नाही. त्या घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या दहा चौरस मीटरमध्ये काढल्या, आता ती जागा त्यांना म्हातारपणी थोडे पैसे देते आहे. पण घेणाऱ्याने पुस्तिका बघायला हवी. मालकीपत्र आहे की वापरहक्क, पुस्तिकेवर नाव कुणाचं, भावंडांची संमती आहे का, पोटभाड्याला कचेरीची हरकत नाही ना. जुन्या घरांतले भाऊबंदांचे वाद इकडच्यापेक्षा कमी नसतात, आणि त्यांचा फटका आधी बसतो तो खोलीत राहणाऱ्याला.

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. एका महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं आगाऊ, म्हणजे किल्ली हातात येण्याआधी चार महिन्यांचे पैसे. दलाली वेगळी, बरीच वर्षं रूढ असलेला दर महिन्याच्या भाड्याच्या 35 टक्के, आणि तो दोन्ही बाजूंकडून. परदेशी माणसाला आल्यापासून चोवीस तासांत पोलीस ठाण्यात राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी करार आणि घराचे कागद लागतात. कागद द्यायला कुरकुर करणाऱ्याची खोली कितीही देखणी असली, तरी पुढे जाऊ नये. तिथे नोकरीसाठी गेलेल्या कुणाही मराठी मुलाला किंवा मुलीला मी सगळ्यात आधी हेच सांगेन.

कागदांनंतर घर. जून-जुलैत 'आलुबुखारांचा पाऊस' लागतो. तो मुंबईच्या पावसासारखा कोसळत नाही, आठवडेच्या आठवडे झिरपत राहतो, आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. त्याच्या थोडं आधी, दमट संध्याकाळी, पंखवाल्या वाळव्या थव्याने दिव्यावर येतात. जुन्या लाकडी घरांचं हे खरं दुखणं. त्या दिवसांत लोक दिवे मालवून बसतात, आणि घर बघायला आलेल्याने तुळया आणि चौकटी बोटाने वाजवून बघाव्यात. हिवाळ्यात थंडी ओली. उत्तर चीनमध्ये घराघरांत सरकारी उष्णता पोचते. च्छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या दक्षिणेला ती पद्धत नाही, आणि शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला येतं. एका फळीच्या भिंतीतून शेजाऱ्याची खोकल्याची उबळ स्पष्ट ऐकू येते. संडास सामाईक असेल किंवा नसेलच. पहाटे लाकडी शौचपात्रं घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाणाऱ्या बायका हे या शहराचं शतकभराचं दृश्य होतं. ते नाहीसं करायला सरकारने खूप खर्च केला, आणि ते योग्यच केलं. 1930 मध्ये बांधलेल्या बूगाओली या सुंदर गल्लीत घराघरांत संडास बसवायला 2007 साल उजाडावं लागलं. जुन्या गल्लीवर प्रेम करणाऱ्याने ही गोष्ट झाकून ठेवू नये. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला अरुंद, खड्या जिन्यावरून शौचपात्र घेऊन उतरावं लागत होतं.

तरीही तरुण मुलं तिथे खोल्या घेतात. जुन्या फ्रेंच हद्दीतल्या वुकांग, अनफू या रस्त्यांवर फ्रेंच काळातल्या प्लेन झाडांची सावली आहे. शहराने असे 64 रस्ते कधीही रुंद न करण्याचं ठरवलं आहे. सायकलवर कचेरी गाठता येते. तळमजल्यावरची बाई, जिला सगळे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी, ती पार्सल घेऊन ठेवते, पाऊस आला की बांबूवरचे कपडे आत घेते, आणि रात्री उशिरा कोण आलं तेही तिला ठाऊक असतं. सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जे मिळत नाही ते हे. 2012 मध्ये आलेल्या चिन युचंग यांच्या 'फान ह्वा' या कादंबरीवर वोंग कार-वाय यांनी काढलेली मालिका 2023 च्या अखेरीस आली, तेव्हापासून या गल्ल्यांची ओढ आणखी वाढली.

गल्ली वाचवायच्या ज्या वाटा शहराने शोधल्या, त्यांत भाडेकरूचं काय झालं हे मला महत्त्वाचं वाटतं. 1990 च्या दशकात सरळ पाडापाडी झाली. वर्ष 2000 पर्यंत 365 हेक्टर मोडकळीला आलेली वस्ती हटवण्याचं लक्ष्य होतं. त्यानंतर 2001 मध्ये शिनत्येनदी उघडलं. हाँगकाँगच्या विकासकाने पक्षाच्या त्या पहिल्या अधिवेशनाच्या घराशेजारच्या गल्ल्यांच्या भिंती ठेवल्या, आतून सगळं नवं केलं आणि तिथे उपाहारगृहं आणि दुकानं आणली. रहिवासी तिथून गेले. शहराला मात्र कळलं, की जुनी वीट नव्या काँक्रीटपेक्षा जास्त भाडं आणते. ज्येनयेलीची 1930 च्या दशकातली मोठी गल्ली बरीचशी पुन्हा बांधून 2017 मध्ये तिथे आलिशान हॉटेल सुरू झालं. झांग युआनमधली कुटुंबं 2019 पासून हलवली आणि 2022 च्या अखेरीस तिथे महागड्या परदेशी नाममुद्रांची दालनं उघडली. भिंतीची डागडुजी या तिन्ही ठिकाणी उत्तम झाली आहे, हे मान्य करायलाच हवं. जिन्यावर मात्र कुणाचं बिऱ्हाड नाही.

त्येनझिफांगची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त विचार करायला लावते. ताइकांग रस्त्यालगतच्या या गल्लीत आधी चित्रकार जुन्या कारखान्यांत आले. मग 2004 च्या सुमारास रहिवाशांनीच तळमजल्याच्या खोल्या दुकानांना आणि स्टुडिओंना द्यायला सुरुवात केली. नियमात हे बसत नव्हतं. त्या भाड्यातून त्यांनी दुसरीकडे नीट, संडास असलेलं घर घेतलं. पाडापाडीच्या यादीतली गल्ली त्यामुळे वाचली, आणि 2008 मध्ये प्रशासनाने राहत्या खोलीचा दुकानासाठी वापर मान्य केला. विकासक नाही, हद्दपारी नाही, कमाई भाडेपुस्तिकेच्या धन्याची. यापेक्षा न्याय्य वाट मला दिसत नाही. पण तिथेही वर उरलेल्या म्हाताऱ्यांना खालच्या खानावळींचा धूर आणि गर्दी सोसावी लागली, आणि भाडी इतकी चढली की पहिल्या चित्रकारांनाच ती परवडेनात.

2022 च्या वसंतात कोविडमुळे शांघाय दोन महिने बंद होतं. सामाईक स्वयंपाकघर आणि सामाईक संडास असलेल्या गल्ल्यांमध्ये घरात बसून संसर्ग टाळणं शक्यच नव्हतं, आणि तिथली माणसं सगळ्यांत जास्त होरपळली. त्याच जुलैत शहराने जाहीर केलं, की मध्यवर्ती भागातल्या सलग जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाचं काम तडीस गेलं. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की गल्ली सोडायला लोक आनंदाने का तयार झाले हे समजतं. फाटकाबाहेर फटाक्यांऐवजी लाल फुगे लावून सह्या करणाऱ्या कुटुंबांचे चेहरे खोटे नव्हते.

पण सही कुणाची लागते? शांघायमध्ये दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत 90 टक्के कुटुंबांनी पुनर्विकासाला होकार दिला तर पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत ठरलेल्या मुदतीत किमान 80 टक्के करार झाले तर ते लागू. वापरहक्काच्या सरकारी खोलीला मूल्यांकनाच्या 80 टक्के रक्कम आणि वर अनुदानं, असं सूत्र आहे. म्हणजे मालक नसलेल्या जुन्या भाडेकरूला मालकाच्या जवळपास वागवलं जातं. पागडीतल्या आपल्या माणसाला विकासकाशी वर्षानुवर्षं जे भांडून मिळवावं लागतं, ते इथे नियमात आहे, आणि ते महाराष्ट्राने बघण्यासारखं आहे.

पोटभाडेकरूला मात्र या दोन्ही फेऱ्यांत आवाज नाही. आनह्वे प्रांतातून आलेली धुणीभांडी करणारी बाई, पार्सल पोचवणारा मुलगा, पहिल्या नोकरीवरची मुलगी, हेच आज थिंगझिज्येनमध्ये राहतात, जसे शंभर वर्षांपूर्वी शिक्षक आणि कारकून राहत होते. सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या देशव्यापी भाडेनियमांनी स्वयंपाकघर, संडास, बाल्कनी, वहिवाटीची जागा अशा ठिकाणी माणूस ठेवून भाडं घ्यायला मनाई केली. अनामतीच्या कपातीची कारणं करारात लिहिणंही बंधनकारक केलं. चांगले नियम आहेत. मात्र त्या बाईला परवडेल अशी दुसरी खोली शहराच्या मध्यात कुठे आहे, याचं उत्तर त्यांत नाही. वीट, कमान, दगडी चौकट जपायला या शहराकडे कायदा आहे, नकाशे आहेत, तज्ज्ञ आहेत. स्वस्त खोली जपायलाही तितकीच ताकद लावायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण गल्ली ज्यांनी गल्ली केली ते सगळे स्वस्त खोलीसाठी आलेले होते.

आज जुन्या गल्लीतल्या खोलीच्या करारात बहुधा शेवटी एक कलम असतं. सरकारी संपादन जाहीर झालं, तर करार त्या दिवशी संपेल, दोन्ही बाजूंना नुकसानभरपाई मागता येणार नाही, उरलेलं भाडं आणि अनामत परत मिळेल. सही करताना बहुतेक जण ते वाचत नाहीत. वाचलं तरी खोडायला सांगणारा भाडेकरू दलालाला चालत नाही. त्याच खोलीसाठी मागे दुसरा उभा असतो.